दोष कोणाचा आणि भार कोणाचा? : मुंबई गोदींतील स्फोट (१९४४) व नुकसानभरपाईचा इतिहास

(१)

इतिहाससंशोधनाच्या क्षेत्रांत कागद जमविणाऱ्यांची दृष्टि साहजिकच सनदा, इनामपत्रें, महजर, करीने, बखरी आणि शकावल्या यांकडे वळते. ज्यावर शिक्का आहे, ज्याला दोनशें-अडीचशें वर्षांचें वय आहे, तोच कागद. बाकीचें तें कचेरींतलें बाड, अशी आमच्यापैकीं पुष्कळांची समजूत आहे. या समजुतीमुळें एक मोठा कागदसमूह आमच्या डोळ्यांदेखत नाहींसा होत चालला आहे. तो म्हणजे अपघातांच्या नुकसानभरपाईचे कागद. आग लागली, दारू उडाली, विषारी वायु सुटला, तर कोणीं कोणास काय द्यावयाचें, कशाच्या पुराव्यावर द्यावयाचें, आणि कोणास कांहींच मिळालें नाहीं, हें या कागदांवरून कळतें. एखाद्या राज्याची न्यायबुद्धि त्याच्या जाहीरनाम्यांपेक्षां या दप्तरांतच अधिक स्पष्ट दिसते, असें आमचें मत आहे. तें कितपत साधार आहे हें दाखविण्याकरितां १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत झालेल्या स्फोटाचें उदाहरण आम्ही मुख्यतः घेतलें आहे. त्याच्या मागचीं आणि पुढचीं प्रकरणें त्यावर प्रकाश पडावा एवढ्यापुरतींच घेतलीं आहेत.

आरंभींच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कोणताहि अपघात झाला म्हणजे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला, दोष कोणाचा? दुसरा, हानीचा भार कोणीं सोसावा? हे दोन्ही प्रश्न एकच आहेत असें वरवर पाहणारास वाटतें. कारण ज्याचा दोष त्यानेंच भरून द्यावें ही गोष्ट सर्वांस पटणारी आहे. परंतु दोष ठरतच नसेल, दोषी स्वतःच मेला असेल, किंवा दोष एखाद्या हमालाच्या बोटांतल्या विडीचा आणि हानि कोट्यवधि रुपयांची असेल, तर काय करावयाचें? येथें दोन्ही प्रश्नांची फारकत होते. ती फारकत कोणत्या काळीं, कोणत्या कारणानें व कितपत झाली, हाच या विषयाचा खरा इतिहास होय.

(२)

आमच्या स्मृतिग्रंथांत ही फारकत मुळींच नाहीं असें नाहीं. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, जो दुसऱ्याच्या वस्तूचा नाश करील, मग तो जाणून करो अथवा न जाणतां करो, त्यानें त्या धन्याचें समाधान करावें आणि तेवढाच दंड राजासहि द्यावा. येथें धन्याचें समाधान आणि राजाचा दंड हीं दोन देणीं निराळीं मानलीं आहेत, ही एक गोष्ट. आणि समाधान करण्याच्या बाबतींत ज्ञान-अज्ञानाचा विचार बाजूस ठेविला आहे, ही दुसरी. ज्याची वस्तु गेली त्याला, ती नाश करणाराच्या मनांत काय होतें, याच्याशीं कर्तव्य नाहीं.

त्याच अध्यायांत गाडीच्या अपघातांचें प्रकरण आहे. वेसण तुटली, जूं मोडलें, आंस किंवा चाक भंगलें, दोर तुटले, अथवा हांकणाऱ्यानें बाजूला होण्याविषयीं ओरडून सांगितलें होतें, अशा दहा प्रसंगीं दंड नाहीं. पण हांकणारा अडाणी असल्यामुळें गाडी वाट सोडून गेली आणि हिंसा झाली, तर दंड धन्याला, आणि तो दोनशें पण. हांकणारा कुशल असेल तर दंड हांकणाऱ्यालाच. अडाणी मनुष्य कामास लावणें हाच धन्याचा अपराध, असा याचा अर्थ होतो.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत आमच्या विषयाला याहून जवळचें वचन सांपडतें. दुसऱ्याच्या घरांत पीडा देणारी वस्तु टाकणाऱ्यास सोळा पण, आणि प्राण घेणारी वस्तु टाकणाऱ्यास मध्यम साहस दंड, असें तेथें आहे. मिताक्षराकार विज्ञानेश्वर पहिल्या प्रकारांत कांटे इत्यादि आणि दुसऱ्या प्रकारांत विष, सर्प इत्यादि घेतात. मध्यम साहस म्हणजे याज्ञवल्क्याच्या मोजणीनें ५४० पण. तसेंच, दुसऱ्याची भिंत पाडणाऱ्यास दंडाबरोबर ती पुन्हां उभारण्याचा खर्चहि द्यावा लागे. पुढें, दांतांच्या व शिंगांच्या जनावरांनीं कोणास गांठलें असतां, समर्थ असूनहि जो धनी त्यास सोडवीत नाहीं त्यास प्रथम साहस, आणि तो मनुष्य ओरडत असतांहि न सोडविल्यास दुप्पट, असें सांगितलें आहे. घातक वस्तु बाळगणाराचें कर्तव्य इतरांहून अधिक, हा विचार येथें बीजरूपानें आहे यांत शंका नाहीं.

कौटिल्य याच्या एक पाऊल अलीकडे येऊन उभा राहतो. त्याचें लक्ष भरपाईपेक्षां प्रतिबंधाकडे अधिक आहे. अग्नीवर उपजीविका करणारांस एके ठिकाणीं वसवावें, रस्त्यांवर पाण्याचे घट हजारोंनीं भरून ठेवावे, आग लागली असतां जो घरधनी धांवून जाणार नाहीं त्यास बारा पण व भाडेकऱ्यास सहा पण दंड करावा, आणि निष्काळजीपणानें आग लागल्यास ५४ पण घ्यावे, असें अर्थशास्त्राच्या नागरिकप्रकरणांत आहे. या ग्रंथाची पोथी म्हैसुरास शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ सालीं त्यांनीं ती छापून प्रसिद्ध केली, हें आमच्या वाचकांस विदितच आहे. एका पोथीवरून एका प्राचीन राज्याची अग्निव्यवस्था कळली. ती पोथी वाळवीच्या मुखीं गेली असती तर आज त्या प्रकरणाबद्दल आम्ही काय लिहिलें असतें?

या वचनांवरून आजचे सर्व कायदे आमच्याकडे पूर्वींच होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह पुष्कळांस होतो. आम्ही तो काढीत नाहीं. स्मृतींतील वचन म्हणजे न्यायसभेंतील निवाडा नव्हे. शिवाय वस्तूच्या नाशाबद्दल जी समता या ग्रंथांत दिसते ती माणसाच्या प्राणाबद्दल दिसत नाहीं. आपस्तंबधर्मसूत्रांत क्षत्रियाच्या वधाबद्दल सहस्र गाई, वैश्याच्या वधाबद्दल शंभर आणि शूद्राच्या वधाबद्दल दहा, असें देणें सांगितलें आहे. म्हणजे भिंतीची किंमत भिंत बांधण्यास जो खर्च येईल तीच. माणसाची किंमत मात्र तो कोण यावर. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें गाई गेल्या, रुपये आले, परंतु माणूस कोण हा प्रश्न गेला नाहीं.

(३)

इंग्रजी अमलांत जो कायदा या देशांत आला त्याचा पाया दोष हाच होता. मनुष्य मेला कीं त्याचा दावाहि त्याच्याबरोबर मेला, अशी इंग्लंडांतील जुनी रीति होती. ती मोडणारा कायदा हिंदुस्थानांत १८५५ सालीं झाला. त्या सालचा तो तेरावा कायदा. त्यानें मृताच्या पत्नीस, पतीस, आईबापांस व मुलांस दावा मांडण्याचा अधिकार मिळाला. परंतु मृत्यु दुसऱ्याच्या अपकृत्यानें, हयगयीनें किंवा कसुरीनें झाला हें सिद्ध करण्याचा बोजा दावा मांडणारावरच राहिला.

दोषावांचून दायित्व, हें तत्त्व इंग्लंडांत एका तलावाच्या पाण्यांतून वर आलें. लँकशायर परगण्यांत रायलँड्स नामक गिरणीमालकानें आपल्या गिरणीसाठीं तलाव बांधविला. खालीं जुन्या खाणींचे बुजलेले मार्ग होते. डिसेंबर १८६० मध्यें तलाव फुटला आणि पाणी त्या मार्गांनीं फ्लेचर याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. मालकाची स्वतःची हयगय कोणी दाखवूं शकला नाहीं. तरीसुद्धां, जो आपल्या लाभासाठीं सुटल्यास अपाय करणारी वस्तु आपल्या जमिनींत आणून सांठवितो त्यानें ती स्वतःच्या जोखमीवर सांठवावी, असा निर्णय न्यायमूर्ति ब्लॅकबर्न यांनीं १८६६ मध्यें दिला व १८६८ मध्यें लॉर्डांच्या सभेनें तो कायम केला. मात्र या नियमाला अपवादहि लागले. दैवी आपत्ति, परक्याचें कृत्य, पीडिताचा स्वतःचा दोष, त्याची संमति, कायद्याची आज्ञा, यांपैकीं कांहीं दाखवितां आलें म्हणजे मालक सुटे. मनूच्या गाडीवानाचे दहा अपवाद येथें आठवल्यावांचून राहत नाहींत.

या देशांत १८८४ सालीं स्फोटक द्रव्यांचा कायदा झाला. पण तो परवान्यांचा कायदा होता, भरपाईचा नव्हे. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालीं झाला. कामावर असतां व कामामुळें अपघात झाल्यास धन्याचा दोष न दाखवितांहि ठरलेली रक्कम मिळावी, ही व्यवस्था त्यानें प्रथम केली. परंतु ती मिळण्यास आपण कोणाचे कामगार होतों हें दाखविणें आवश्यक होतें. ज्याचें नांव रोजच्या रोज मुकादमाच्या तोंडीं असे आणि कोणत्याहि पुस्तकांत नसे, त्याला हें दाखविणें किती अवघड होतें याची कल्पना करितां येईल. अशी कायद्याची स्थिति असतां १९४४ सालचा एप्रिल महिना उजाडला.

(४)

‘फोर्ट स्टिकिन’ हें ७,१४२ टनांचें मालवाहू जहाज १९४२ सालीं कानडांतील प्रिन्स रूपर्ट येथें बांधलेलें. तें फेब्रुवारी १९४४ मध्यें इंग्लंडांतील बर्कनहेड बंदरांतून निघालें आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद व कराची या मार्गानें १२ एप्रिल रोजीं मुंबईस आलें. त्यावर सुमारें १,४०० टन स्फोटक द्रव्यें व दारूगोळा होता. कराचीस त्यांत कापसाच्या हजारों गांठी चढविल्या गेल्या. शिवाय तेलाचीं पिपें, लांकूड, गंधक, मासळीचें खत आणि जुनें लोखंड. ज्या दुसऱ्या क्रमांकाच्या तळघरांत कापूस होता त्यांतच वर स्फोटकें ठेविलेलीं होतीं. अग्नीवर उपजीविका करणारांस एके ठिकाणीं वेगळें वसवा असें सांगणारा कौटिल्य, आणि कापूस व दारू एका कोठींत रचणारा विसाव्या शतकांतला युद्धव्यवहार, यांतील अंतर वाचकांनींच मोजावें. शांततेच्या काळीं स्फोटकांनीं भरलेलें जहाज गोदींत न आणतां त्यावरील माल बाहेरच पडावांत उतरवीत असत. युद्धाच्या घाईंत तो निर्बंध सैल झाला होता.

१४ तारखेस दोन प्रहरीं दोनच्या सुमारास त्या तळघरांतून धूर निघतांना दिसला. बंब आले, शेंकडों टन पाणी ओतलें गेलें, पण आगीचें मूळ सांपडलें नाहीं. चार वाजून सहा मिनिटांनीं पहिला स्फोट झाला आणि सुमारें अर्ध्या तासानें दुसरा. १,७०० किलोमीटरांवरील सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रांत त्याचा धक्का नोंदला गेला. ‘जलपद्म’ नांवाच्या जहाजाचें पिछाडीचें टोंक उडून गोदीच्या छपरावर जाऊन पडलें. जळता कापूस आकाशांतून वस्तीवर पडला व ठिकठिकाणीं आगी लागल्या. त्या आटोक्यांत आणण्यास तीन दिवस लागले. आणि सुमारें पांच लक्ष टन ढिगारा उपसून गोदी पुन्हां चालू करण्यास आठ हजार माणसें सात महिने राबलीं.

युद्धकाल असल्यामुळें वार्तांवर नियंत्रण होतें. जपान्यांच्या ताब्यांतील सायगांवच्या आकाशवाणीनें दुसऱ्याच दिवशीं या घटनेची सविस्तर बातमी दिली. मुंबईकरांस आपल्याच शहराचा सविस्तर वृत्तांत छापून वाचावयास मिळण्यास मे महिना उजाडला. समकालीन लेखांवर भिस्त ठेवणाऱ्या संशोधकानें ही गोष्ट विसरूं नये. त्या तीन-चार आठवड्यांत जें लिहिलें जावयाचें होतें तें लिहिलें गेलें नाहीं, आणि त्या वेळीं लिहिलें न गेलेलें मागाहून तसेंच्या तसें लिहितां येत नाहीं.

(५)

आतां आमच्या दोन प्रश्नांकडे वळूं. दोष कोणाचा? चौकशी झाली. कापसांत कोणाच्या तरी विडी-सिगारेटीची ठिणगी पडली असावी, असा तर्क पुढें आला. पण ती टाकणारा सांपडला नाहीं आणि सांपडण्यासारखा नव्हताहि. जो तळघरांत होता तो वांचला असेल किंवा नसेल. कापूस व दारू एकत्र भरणारे, जहाज गोदींत घेणारे, धूर दिसल्यावर जहाज बुडवावें कीं आग विझवावी याविषयीं निर्णय न करूं शकलेले, अशी कर्त्यांची साखळी लांबच लांब होत गेली. दोष इतका वांटला गेला कीं तो कोणाच्याच पदरांत पुरतेपणीं पडेना.

येथें फारकतीचा प्रसंग आला. हिंदुस्थान सरकारनें या आपत्तीची जबाबदारी आपल्यावर घेतली, १९४४ सालींच मुंबई स्फोटाच्या नुकसानभरपाईचा वटहुकूम निघाला, आणि ज्यांनीं आपल्या मालमत्तेच्या हानीबद्दल दावे केले त्यांस पैसे देण्यांत आले. १८५५ च्या कायद्यानें जो बोजा दावेदारावर ठेविला होता तो येथें त्याच्यावर राहिला नाहीं. ठिणगी कोणाची हें ठरविल्यावांचून भरपाई झाली. या दृष्टीनें पाहतां १९४४ ची व्यवस्था आपल्या कायद्याच्या इतिहासांत मोठी पायरी होय, आणि ती परकीय सरकारची म्हणून तिचें श्रेय नाकारणें इतिहासाच्या वाटेनें जाणारास शोभणार नाहीं.

परंतु ती पायरी अर्धीच होती. कारण दोष सिद्ध करण्याचा बोजा गेला तरी हानि सिद्ध करण्याचा बोजा राहिला. दावा कोण करूं शकत होता? ज्याच्याजवळ घराचा दस्तऐवज होता, वखारीची पावती होती, विम्याचें पत्र होतें, हिशोबाच्या वह्या दुसऱ्या ठिकाणीं सुरक्षित होत्या, तो. ज्याची खोली भाड्याची, भांडींकुंडीं उसनवारीचीं आणि मजुरी रोजची, त्याच्याजवळ हानि होती, कागद नव्हता.

यासंबंधीं एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. त्या जहाजावर ३१ पेट्यांत सोनें होतें. त्याची किंमत सुमारें ८,९०,००० पौंड. स्फोटानें ती सोन्याची लगड दूरवर फेंकली गेली, कांहीं वस्तींत पडली, कांहीं गोदीच्या गाळांत रुतली, आणि पुढें कित्येक वर्षें गाळ काढतांना सांपडत राहिली. पेट्या किती, सोनें किती, किंमत किती, हें सर्व लिहिलेलें होतें. आतां माणसें पहा. मृतांचा सरकारी आंकडा ७४० असा दिला जातो, व त्यांत ४७६ लष्करी होते असें एका वृत्तांतांत आहे. दुसऱ्या वृत्तांतांत गोदींतील निरनिराळ्या खात्यांचे २३१, त्यांतच अग्निशामक दलाचे ६६, आणि नागरिक पांचशेंहून अधिक, असें आहे. बेरजा जवळजवळ येतात; वर्गवारी मुळींच जुळत नाहीं. ७४० पैकीं ४७६ लष्करी म्हटले तर राहिले २६४. मग पांचशें नागरिक कोठून आले? कांहीं अजमास तर १,३०० पर्यंत जातात. वस्तूची याद जुळते आणि माणसांची जुळत नाहीं, याचें कारण उघड आहे. सोनें कोणाच्या तरी हवालीं केलेलें होतें. हमाल कोणाच्याच हवालीं नव्हता.

गोदींतील पुष्कळसे मजूर मुकादमांमार्फत व टोळीवाल्यांमार्फत रोजंदारीनें घेतले जात. त्यांची नियमित नोंद ठेवण्याची योजना करणारा गोदी-कामगार कायदा १९४८ सालीं झाला, म्हणजे स्फोटानंतर चार वर्षांनीं. आमच्या संग्राहकांस जुने महजर परिचित आहेत. त्यांत ज्या कुणब्यास अक्षर येत नव्हतें त्याच्या नांवापुढें नांगराची निशाणी काढलेली असे. गांवच्या बलुतेदारांची साक्ष तेथें नांवनिशीवार उतरलेली असे. जमिनीच्या तंट्यांत ज्या शतकांनीं कुणब्याच्या निशाणीस जागा दिली, त्यांच्या मागून आलेल्या शतकाच्या सर्वांत मोठ्या बंदरांत मेलेल्या मजुराला निशाणीचीहि जागा मिळूं नये, ही गोष्ट आम्हांस स्फोटाइतकीच दुःखद वाटते.

अग्निशामक दलाच्या ६६ जणांची स्मृति मात्र टिकली. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्यांचीं नांवें दलाच्या पुस्तकांत होतीं.

(६)

या अर्ध्या पायरीची पुढची अर्धी चढावयास चाळीस वर्षें लागली, आणि त्यासाठीं आणखी मोठा बळी पडावा लागला. २ व ३ डिसेंबर १९८४ यांमधील रात्रीं भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यांतून सुमारें ४० टन मिथिल आयसोसायनेट वायु सुटला व निजलेल्या वस्तीवर पसरला. मुंबईस माल युद्धाचा होता व जबाबदारी घेणारें सरकार होतें. येथें माल व्यापाराचा होता आणि मालक परदेशीं होता. म्हणून भरपाई कोणी द्यावी याबरोबर ती कोठें मागावी हाहि प्रश्न उभा राहिला. १९८५ सालीं खास कायदा करून सर्व पीडितांच्या वतीनें दावा चालविण्याचा अधिकार भारत सरकारनें आपल्याकडे घेतला. १९८६ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या न्यायालयानें हा दावा भारतांत चालावा असें ठरविलें. कंपनीनें, कोणा कामगारानें घातपात केला, असा बचाव पुढें केला. परक्याचें कृत्य हा जुना अपवाद तो हाच.

भोपाळचा दावा चालू असतांनाच तो अपवाद दुसऱ्या एका प्रकरणांत मोडला गेला. ४ डिसेंबर १९८५ रोजीं दिल्लींत श्रीराम कारखान्यांतून ओलियम नामक तीव्र गंधकाम्लाचा वायु सुटला. त्यांत एका वकिलाचा मृत्यु झाल्याचें न्यायालयापुढें सांगण्यांत आलें. त्या प्रकरणीं सरन्यायाधीश भगवती यांच्या अध्यक्षतेखालील पीठानें डिसेंबर १९८६ मध्यें असा निर्णय दिला कीं, जो उद्योग घातक द्रव्यांचा व्यवहार करून लाभ मिळवितो त्याचें दायित्व निरपवाद आहे. रायलँड्स प्रकरणांतील एकहि अपवाद त्यास मिळावयाचा नाहीं. आणि उद्योग जितका मोठा व संपन्न तितकी भरपाईहि अधिक असावी. मनूचे दहा अपवाद आणि ब्लॅकबर्नचे पांच, हे सर्व येथें एकदम गळून पडले. दोष आणि भार यांची फारकत तत्त्वतः पूर्ण झाली. पण त्याच निर्णयांत प्रत्यक्ष भरपाई कोणासहि देवविली नाहीं. पीडितांचे दावे योग्य न्यायालयांत मांडण्यास सांगण्यांत आलें. तत्त्व उच्चासनावर बसलें आणि पैसा खालीं अंगणांत राहिला.

भोपाळच्या दाव्याचा शेवट १४ फेब्रुवारी १९८९ रोजीं ४७ कोटि डॉलरांच्या तडजोडीनें झाला. ती ठरवितांना मृत सुमारें ३,००० धरले होते. पुढें दावे तपासले गेले तेव्हां मृतांची संख्या ५,२९५ पर्यंत गेली आणि एकंदर दावेदार साडेपांच लक्षांहून अधिक निघाले. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तडजोड कायम ठेविली, परंतु रक्कम अपुरी पडल्यास ती सरकारनें भरावी व पीडितांसाठीं विमा उतरावा असें सांगितलें. तो विमा उतरविला गेला नाहीं, असा ठपका त्याच न्यायालयानें १४ मार्च २०२३ रोजीं ठेविला, आणि अधिक भरपाई कंपनीकडून मागणारी सरकारची याचिका त्याच दिवशीं फेटाळली. १९९१ सालींच सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला. त्यानें घातक द्रव्यांच्या अपघातांत दोष न दाखवितां तांतडीचें साहाय्य मिळूं लागलें. त्याच्या मूळ अनुसूचींत मृत्यूबद्दल २५,००० रुपये होते.

भोपाळच्या दाव्यांत पुन्हां तेंच झालें जें मुंबईस झालें. वायु सर्वांच्या श्वासांत सारखा शिरला. परंतु ज्याच्याजवळ त्या वेळची इस्पितळाची चिठी होती त्याची पीडा लौकर मान्य झाली, आणि जो त्या रात्रीं कोठेंच नोंदला गेला नाहीं त्याला आपण तेथें होतों हेंच प्रथम सिद्ध करावें लागलें. आपस्तंबाच्या गाई गेल्या आणि वर्णाचा तक्ताहि गेला. त्याच्या जागीं कागदाचा तक्ता आला, एवढाच फरक.

(७)

सारांश असा. अपघातांत दोष दाखविण्याची अट काढून टाकणें हा न्यायाचा अर्धा भाग होय. त्या अर्ध्या भागाचा इतिहास विधिज्ञांनीं लिहिला आहे व पुढेंहि लिहितील. उरलेला अर्धा भाग नोंदीचा आहे, आणि तो आमच्यासारख्या कागद जमविणारांच्या कक्षेंतला आहे. जेथें माणसांची नोंद नव्हती तेथें निरपवाद दायित्वहि रिकाम्या हातानें परतलें. उलटपक्षीं, जेथें हजेरीचें पुस्तक होतें तेथें कुटुंबास कांहीं तरी मिळालें, आणि निदान स्मृतिस्तंभावर नांव तरी कोरलें गेलें.

म्हणून आमची संग्राहकांस सूचना आहे. मुंबईच्या जुन्या पेढ्या, वखारी, विमा कंपन्या, मुकादमांचीं घराणीं आणि गोदीच्या आसपासच्या मांडवी, मस्जिद बंदर, माझगांव येथील कुटुंबें यांच्याकडे १९४४ च्या दाव्यांचे अर्ज, पोंचपावत्या, पंचनामे, हजेरीपट, इस्पितळाच्या चिठ्या वा खाजगी पत्रें असतील तर तीं रद्दींत जाण्यापूर्वीं पाहून ठेवावीं. त्यांवर शिक्कामोर्तब नसेल, अक्षर वळणदार नसेल, मोडी ऐवजीं बाळबोध किंवा गुजराती असेल. तरी त्यांस करीन्याचा मान द्यावा. विशेषतः ज्या अर्जांवर ‘नामंजूर’ असा शेरा असेल ते जपावेत. मंजूर झालेल्यांची याद सरकारनें स्वतःच्या हिशोबासाठीं केलेली असते. नामंजूर झालेल्याचा कागद त्याच्या घरांतच उरतो, आणि घर मोडलें कीं तो जातो.

मृतांच्या दोन आंकड्यांतील जो मेळ आम्हांस वर घालतां आला नाहीं, तो अशा कागदांनींच घालतां येईल. सोन्याची लगड गाळांतून वर आली तेव्हां तिचा धनी कोण हें ठरविण्यास अडचण पडली नाहीं. त्या दिवशीं गोदींत गेलेल्या मजुरांपैकीं एकाचें जरी नांव, गांव आणि रोजमुरा एखाद्या जुन्या वहींत सांपडला, तरी ७४० व १,३०० यांमधील अंतर एकानें कमी होईल. तेवढें काम आमच्या पिढीनें करावें.